प्रोफाइलला मॅच न होणारं हॉटेल

गेल्या आठवड्यात मला तोंडावर सांगण्यात आलं की मी बुक केलेलं हॉटेल मला शोभत नाही. शब्द अगदी हेच नव्हते. शब्द होते, "मॅम, हे हॉटेल तुमच्या प्रोफाइलला मॅच होत नाहीये", आणि ते व्हिसा सेंटरच्या काउंटरवरच्या, माझ्या भाचीच्या वयाच्या मुलीने अतिशय गोड आवाजात, माझ्या बँक स्टेटमेंटवर बोट ठेवून म्हटले. बोट नेमकं कुठे, तर महिनाअखेरच्या बॅलन्सवर. अहो, महिनाअखेरचा बॅलन्स कुणी कुणाचा बघायचा असतो का? महिन्याच्या दोन तारखेला बघा की, चांगली भरल्या घरची बाई आहे मी.

प्रकरण थोडक्यात असं. वर्षानुवर्षं "बघू पुढच्या वर्षी" करत आलेल्या आम्ही नवराबायकोने यंदा ठरवलं की एकदाच जायचं पण थाटात जायचं. फ्रान्सचा दक्षिण किनारा, नीस शहर, जुलै महिना, समुद्रासमोरचं हॉटेल, हॉटेलला बाल्कनी, बाल्कनीत मी. नवऱ्याची अट एकच होती, सकाळी सातला उठून कुठलाही बुरूज बघायला जायचं नाही. पैसे साठवले होते. ते एफडीत होते, एफडीची पावती फाइलमध्ये होती, आणि ती पावती त्या मुलीने धड बघितलीही नाही हे मला अजून झोंबतंय.

"कशाला पण एवढं महागातलं?"

हा प्रश्न काउंटरच्या पलीकडून आला नाही. शेजारून आला. शेजारच्या खुर्चीवर एक काका बसले होते, सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि मांडीवर तान्ह्या बाळासारखी जपून धरलेली एक जाडजूड फाइल. त्यांचा टोकन नंबर अजून लागायचा होता त्यामुळे त्यांना वेळ होता. त्यांना भयंकर वेळ होता.

"मॅडम, राग मानू नका, एक विचारू? सी-व्ह्यू घेतलाय का?"

"हो."

"त्याचे वेगळे पैसे घेतात ना?"

"घेतात."

"समुद्राचे पैसे!" हे ते मला नाही म्हणाले, हॉलला म्हणाले. हॉलमधली दहा-बारा डोकी वळली. "अहो समुद्र काय हॉटेलवाल्याच्या वडिलांचा आहे? खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा, समुद्र. तिथे निळ्या खुर्च्यासुद्धा ठेवल्यात बसायला. फुकट! आमची मुलगी जाऊन आली."

खुर्च्यांचं खरं आहे. प्रोमेनाद दे-झांग्ले म्हणून जो नीसचा सात किलोमीटरचा प्रसिद्ध किनारा-रस्ता आहे त्यावर निळ्या खुर्च्या असतात आणि कुणीही बसू शकतं. पण मला रस्ता ओलांडायचा नव्हता. रस्ता ओलांडायला लागू नये म्हणून तर मी इतकी वर्षं पैसे साठवले होते.

"आणि वाळू नाही हां तिथे. गोटे आहेत. नुसते गोटे. चपला घालून पाण्यात जावं लागतं."

"माहितीये."

काकांनी चष्मा नाकावर चढवला. "माहीत असून जाताय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? माहीत नसतं तर बावळट ठरले असते, माहीत आहे तर उधळी ठरले. नवरा या सगळ्या वेळात छताकडे बघत होता. लग्नाआधीही हा माणूस कठीण प्रसंगी असाच छताकडे बघायचा, मला वाटायचं विचार करतोय.

मग काकांनी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढला. मी "नको" म्हणाले. त्यांनी तरीही हॉटेलचं एका रात्रीचं भाडं (हे त्यांनी काउंटरवरच्या माझ्या कागदावरून उलटं वाचलं, या वयात काय ती नजर) भागिले माझा एका दिवसाचा पगार असा हिशोब केला, आणि उत्तर मला न सांगता आधी माझ्या नवऱ्याला दाखवलं. नवऱ्याने छतावरून नजर काढून ते बघितलं आणि चक्क "हं" म्हणाला. त्या "हं"बद्दल आमचं घरी वेगळं बोलणं झालं.

"त्यापेक्षा असं करा," काकांनी खुर्ची सरकवली, "लग्नाला किती वर्षं झाली? नाही म्हणजे हनिमून दाखवला तर हॉटेल पटतं." मग आमच्या दोघांकडे नीट बघून स्वतःच म्हणाले, "नाही, ते नाही पटणार."

यावर मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "ॲनिव्हर्सरी लिहा." एका तरुणाने सुचवलं की हॉटेल कान शहरात घ्या आणि सिनेमाचं कारण द्या. काका उसळले, "कानचा महोत्सव मे महिन्यात असतो, हे जुलैत चाललेत, जुलैत काय रिकामा रेड कार्पेट बघणार?" सांगायचं म्हणजे माझ्या सुट्टीवर तोवर एक समिती नेमली गेली होती आणि त्यात मी सोडून सगळे होते.

पण खरा घात पुढे झाला. काका एकदम आवाज खाली आणून, म्हणजे फक्त तीन काउंटरना ऐकू जाईल इतका खाली आणून म्हणाले, "मोनॅको तिथून जवळ आहे ना? नाही, जुगाराचा काही...?"

काउंटरवरच्या मुलीचं टायपिंग थांबलं.

मी म्हणाले, हो, ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत, पण आम्ही बाहेरून बघणार. आणि तणावात मला माहिती सांगायची खोड आहे म्हणून पुढे म्हणाले की गंमत म्हणजे मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे, फक्त बाहेरच्यांना परवानगी.

"बघा," काका विजयाने हॉलकडे वळले, "अभ्यास करून चालल्यात!"

मला त्या क्षणी राणी व्हिक्टोरिया आठवली. खोटं वाटेल पण खरंच आठवली, कारण ट्रिप ठरल्यापासून मी रात्री नीसबद्दलच वाचत असते. ही बाई १८९० च्या दशकात मुक्काम करायला नीसला यायची, सिमिए टेकडीवर तिच्यासाठी म्हणून १८९७ मध्ये अख्खं एक्सेलसिअर रेजिना हॉटेल उभं राहिलं, आणि प्रवास करायची ती खोट्या नावाने! "बाल्मोरलची काउंटेस." सगळ्या युरोपला माहीत की राणी आहे, तरी कागदावर काउंटेस. तिला कुणी म्हणालं का की बाई, हे हॉटेल काउंटेसच्या प्रोफाइलला मॅच होत नाही? आम्ही फॉर्मवर मधलं नाव पासपोर्टपेक्षा एका अक्षराने वेगळं लिहिलं तर खिडकीवरून परत.

आणि त्याच १८९७ साली तिच्यासोबत तिचा हिंदुस्थानी मुन्शी अब्दुल करीम नीसला जाणार होता, तर तिच्या दरबारातले लोक अडून बसले, हा आला तर आम्ही राजीनामे देतो म्हणाले. राणीने संतापून टेबलावरच्या सगळ्या वस्तू हाताने खाली लोटल्या म्हणतात. मुन्शी गेला नीसला. तर आपल्याकडच्या माणसाने नीसला जायचं म्हटलं की कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी नाक मुरडणार ही परंपरा जुनी आहे. फक्त माझ्या बाजूने टेबल साफ करणारी राणी नव्हती. नवरा होता.

अजून एक सांगते मग मूळ मुद्द्यावर येते. तेव्हा श्रीमंत लोक तिथे यायचे ते हिवाळ्यात. उन्हाळ्यात मोठी हॉटेलं बंद व्हायची, कुलूप. उन्हात मुद्दाम लोळायची फॅशन १९२० च्या दशकात आली. युनेस्कोनेही २०२१ मध्ये नीसला जागतिक वारसा म्हणून घेतलं ते रिव्हिएरावरचं, म्हणजे या दक्षिण किनाऱ्यावरचं, हिवाळी विश्रांतीचं शहर म्हणूनच. आणि आता जुलैत सगळं जग तिथे, म्हणून भाडी अशी, म्हणून माझी ही शोभा. किनाऱ्यावरचं सगळ्यात नावाजलेलं हॉटेल नेग्रेस्को, १९१३ मध्ये उघडलं, गुलाबी घुमटाचं. (आम्ही ते घेतलेलं नाही, इतकीही हवा गेलेली नाही डोक्यात.) ते बांधणारा हेन्री नेग्रेस्को हा रुमानियन माणूस, दोन वर्षांच्या आत पहिलं महायुद्ध आलं, हॉटेलचं इस्पितळ झालं, आणि तो बिचारा १९२० मध्ये कफल्लक होऊन गेला. म्हणजे शेवटी शेवटी त्याला स्वतःच्या हॉटेलचं बुकिंग दाखवून व्हिसा मिळाला नसता.

बरं, नियम काय म्हणतो? फ्रान्सचा नियम म्हणतो की हॉटेल बुक असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो हाताशी असल्याचं दाखवा, बुक नसेल तर १२०. पासष्ट! नीसच्या खासगी बीचवर एक खुर्ची आणि छत्री भाड्याने घेतली की त्यातला मोठा हिस्सा गेला, उरलेल्यात जेवा. मी त्याच्या कितीतरी पट दाखवत होते. म्हणजे गरीब असते तरी चाललं असतं, श्रीमंत असते तर प्रश्नच नव्हता, अडचण ही की मी मधली आहे आणि मधल्या माणसाने मधल्याच हॉटेलात राहायचं, एकदासुद्धा वर चढायचं नाही. हा कुठे लिहिलेला नियम आहे ते दाखवा म्हणाले तर मुलगी म्हणाली, "नियम नाही मॅम, मी फक्त सजेस्ट करतेय, डिसिजन कॉन्सुलेटचं असतं." मग सजेस्ट कशाला करतेस बाई? फाइल घे आणि पाठव.

आणि हे बाकीचं. माणशी ९० युरो फी, व्हिसा नाकारला तरी परत नाही. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, त्यात हसायचं नाही. सुट्टीला जायच्या अर्जावर हसायचं नाही! तिकीट आधी काढू नका असा सल्ला, आणि अर्जासोबत तिकिटाचं रिझर्व्हेशन जोडा अशी सूचना. निकाल साधारण १५ दिवसांत, पण ४५ दिवसही लागू शकतात, आणि हॉटेलची फुकट कॅन्सल करायची मुदत बरोबर या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी संपते. ज्यांना खरंच मोठी हॉटेलं परवडतात त्यांच्याकडे हे सगळं करायला माणसं असतात, किंवा पासपोर्टच असा असतो की हे काही करावंच लागत नाही. त्या पासपोर्टवाल्याला कुणी विचारत नाही की तू परत जाशील कशावरून. मी परत येईन हे सिद्ध करायला मात्र माझी नोकरी, माझं घर, माझी रजा मंजूर झाल्याचं पत्र, सगळं लागलं. आणि घरातलं अर्धवट राहिलेलं वॉटरप्रूफिंगचं काम सोडून मी कुठे पळणारे?

असो. काकांचा टोकन नंबर लागला. वाटलं सुटले. तर ते माझ्या शेजारच्याच काउंटरला. त्यांची फाइल उघडली आणि सांगते, मी एवढी सुंदर फाइल पाहिलेली नाही. रंगीत टॅब, अनुक्रमणिका, मुलीने तिथल्या नगरपालिकेतून काढून पाठवलेलं राहण्याचं पत्र. "आम्ही मुलीकडे राहणार," काका त्यांच्या काउंटरवाल्याला आणि मला एकदमच म्हणाले, "आम्हाला दिवसाला साडेबत्तीस युरोच दाखवावे लागतात. तुमच्या निम्मे!" त्यांचं काम दहा मिनिटांत झालं. काउंटरवाला त्यांना "थँक यू सर" म्हणाला. मला अजूनही "प्रोफाइल" चाललं होतं.

जाता जाता ते थांबले. म्हणाले, हॉटेल बदलू नका, आता बदललंत तर संशय येईल. मी थक्क. मघापासून हाच माणूस हॉटेलच्या जिवावर उठला होता. "कव्हरिंग लेटर तेवढं नवीन द्या. एफडीचा नंबर आणि तारीख पहिल्या परिच्छेदातच टाका, तळाशी कोण वाचतंय? नंबर द्या तुमचा, ड्राफ्ट पाठवतो."

दिला. नवरा म्हणाला तू नंबर दिलासच कसा. म्हटलं तुझं "हं" आठव आणि गप्प बस.

त्याच संध्याकाळी ड्राफ्ट आला. कबूल करायला जिवावर येतंय, पण अप्रतिम होता. एक वाक्य जास्तीचं नाही, एफडी पहिल्याच परिच्छेदात, हॉटेलबद्दल फक्त "दीर्घकाळ नियोजित" एवढेच दोन शब्द. आम्ही तोच सही करून दिला, काउंटरवर निमूट घेतला गेला. आता पासपोर्ट तिकडे अडकलाय, हॉटेलची मुदत परवा संपतेय, आणि काका रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर "आला का?" विचारतात. त्यांचा आला. स्टिकरचा फोटोही पाठवला. काल नीसमधल्या एका हॉस्टेलची लिंक आली, बरोबर मेसेज, "बाथरूम कॉमन आहे पण रिव्ह्यू चांगले आहेत. समुद्र आठ मिनिटांवर. चालत." ब्लॉक करावंसं वाटतं. पण व्हिसा नाकारला तर अपिलाचं पत्र कोण लिहून देणार?