२० ग्रॅम तांबडी भाजी

कोकणात थंडी पडते असं म्हटलं की घाटावरची माणसं हसतात. हसोत बापडी. मालवणच्या बाजूला पहाटे पारा १८-२० वर आला की आमच्या वाडीत कानटोप्या बाहेर निघतात, न्हाणीच्या चुलीपुढच्या जागेवरून भांडणं होतात आणि बागायतदार मान वर करून कलमांच्या शेंड्यावर मोहोर शोधत फिरतात. दुपारी मात्र खळ्यात, म्हणजे अंगणात, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उभं राहवत नाही. मधे सकाळचे दोनेक तास जो काही हिवाळा उरतो, त्यात परड्यातली सगळी कामं उरकायची, असा सासूबाईंचा नियम.

काम म्हणाल तर एकच. तांबडी भाजी, म्हणजे तांबडा माठ, पेरायची.

भात घरात आलं, कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, मोकळे झाले की विहिरीजवळच्या कुणग्यात भाजीचा मळा करायचा, ही आमच्याकडची रीत. आधी माठ, मुळा, मिरची, चवळी. मग माघाच्या सुमाराला भेंडी आणि काकडी. काकडीच्या बिया गेल्या पावसाळ्यापासून चुलीमागच्या भिंतीला राखेत थापलेल्या आहेत, दोडका वाशाला टांगून वाळतोय. त्यांची काळजी नाही, ते जागच्या जागी आहेत. तांबड्या माठाचं बी मात्र मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत. चिमटीत धरलं तर आहे की नाही ते कळत नाही. एवढ्याशा बियाण्याला कष्ट ते किती पडणार, असं परक्या माणसाला वाटेल.

पण पेरायला वाफा हवा. वाफ्याला खत हवं, खताला शेण हवं आणि शेणाला गाय हवी. गाय आम्ही मागच्या साली विकली. विकताना दूध, वैरण, गोठ्याची डागडुजी असा सगळा हिशेब मांडला होता, त्यात शेणाचा रकाना कोणी ओढला नाही. आता शेजारच्या काकी, ज्यांच्याकडे एक म्हैस आणि दोन पाडसं आहेत, त्या वाडीतल्या सावकार झाल्यात.

"खत देतंय गो," त्या म्हणाल्या, "पण पयली जुडी माका."

जिचं बी अजून पुडीतच आहे, तिची पहिली जुडी अशी गहाण पडली.

खत काढायला गडी हवा. इथे हिवाळ्याची खरी अडचण सुरू होते. मोहोर आला की तुडतुडे येतात, भुरी येते, आणि गावातले सगळे धट्टेकट्टे हात फवारणीला आंब्याच्या बागांत जातात. तिथली मजुरी ऐकून मला स्वतःलाच पंप पाठीला लावून जावंसं वाटतं. जे उरतात ते टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत. पौषात दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर मंडप पडलेला असतो आणि समालोचन चार वाड्यांना ऐकू जातं. आमचे आबा या दोन्हींत मोडत नाहीत. ते वर्षानुवर्षं आमच्याकडे कामाला येतात. येतात म्हणजे, येतो म्हणतात.

"आबानु, रविवारी येतलंय म्हणालात ना?"

"म्हटलंय तर. खयच्या रविवारी, ता खंय सांगलंय?"

आबा दशावतारात काम करतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा झाली की गावोगावच्या जत्रा आणि दहीकाले एकामागून एक लागतात. नाटक मध्यरात्री रंगात येतं, उजाडताना संपतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तर कॅलेंडरात छापून येत नाही, ती देवीचा कौल लागून ठरते. त्यामुळे तोपर्यंत कुठल्याही दिवशी "आंगणेवाडीचा काय ठरता ता बघूया" एवढं म्हणून कुठलंही काम पुढे ढकलता येतं. मी नोकरी करत असताना ही सोय मला का सुचली नाही कोण जाणे.

अखेर एका सकाळी आबा उगवले. डोळ्यांत काजळ तसंच, कानामागे गुलाबी रंग. रात्री दूरच्या एका गावी राजे होते, थेट तिथूनच आले होते. अशा माणसाला शेण उचला असं सांगायचं तरी कसं? मी दोनदा घसा खाकरला. आबांनी घमेलं हातात घेतलं, सासूबाईंकडे वळले आणि खर्जात म्हणाले, "मातोश्री, आज्ञा व्हावी." दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते जागच्या जागी जुळवतो. त्याचा आबांना असा सराव की पहिलं घमेलं भरेपर्यंत त्यांनी आमच्या खतावर एक अख्खं स्वगत म्हटलं. सासूबाई चौथऱ्यावर बसून ऐकत होत्या. मी घमेली मोजायला उभी होते, मोजायला फारसं काही नव्हतं.

काकींच्या खताच्या खड्ड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या निघाल्या. अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या. हाच भुंगा मोठा होऊन माडाचा कोंब पोखरतो, म्हणून अळ्या वेचून काढायच्या. वेचायला आम्हाला फार वाकावं लागलं नाही. काकींच्या कोंबड्यांना बातमी लागली आणि त्यांनी आबांच्या खोऱ्याखालीच मुक्काम ठोकला. त्यांना हुसकत हुसकत खणायचं म्हणजे खणणं कमी आणि "हूश" जास्त. राजांचा आवाज शेवटी बसला. रात्रीच्या प्रयोगाला त्यांना मुका ऋषी देतात की काय, अशी मला धास्ती.

पाण्याचं थोडक्यात सांगते. आमच्याकडे पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात पडतो आणि जांभ्या दगडातून सगळा समुद्राला जातो. म्हणून दिवाळीनंतर व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून बंधारा घालतात, म्हणजे विहिरीची पातळी जरा टिकते. गोणी सगळ्यांनी आणायच्या असतात. ज्यांनी आणल्या नाहीत तेच काठावर उभे राहून बांध कसा घालायचा ते सांगतात.

उरली वई, म्हणजे कुंपण. पूर्वी बांबू आणि काटेरी शिरडं लावून वई घालत. आता शिरडं तोडून आणणार कोण? सासूबाईंच्या माहेरची माणसं बंदरावरची, त्यांनी फाटकी मासेमारीची जाळी पाठवून दिली. जाळं उत्तम कुंपण होतं. नायलॉन कुजत नाही, गुरं त्यात शिंगं अडकवून घ्यायला बिचकतात. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. त्या जाळ्याने समुद्रात काय काय धरलं होतं, ते वाडीतल्या मांजरांना नाकाने वाचता येतं. वई लावली त्या रात्री बांगड्याच्या आशेने जमलेली मांजरं कुंपणाशी ओळीने बसली. एक बोका तर जाळं चाटता चाटता त्यातच गुंतला. त्याला सोडवताना आमच्या ह्यांच्या मनगटाचा नकाशा झाला.

हे म्हणजे आमच्या घरातला शास्त्रीय विभाग. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी दरवर्षी घेतात आणि खुर्चीत बसून मोठ्याने वाचतात. मनगटाला हळद लावून झाल्यावर त्यांनी गणित केलं: माठाचं बी हेक्टरी दोन किलो धरलं, आपला मळा एक गुंठा, तर २० ग्रॅम. मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आला. पंख्याच्या वाऱ्याने काटा १९ आणि २१ च्या मधे नाचत राहिला. पंखा बंद केला, मग ह्यांच्या श्वासाने नाचला.

सासूबाई बाहेरून आल्या, पुडीत तीन बोटं घातली, बी वाळूत आणि राखेत कालवलं आणि वाफ्यात चालत चालत फेकून आल्या. हातभर जागेत कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. ह्यांनी उरलेलं बी तोललं. किती भरलं ते मला सांगितलं नाही, पण दैनंदिनी मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुंग्या रांगेने बी घेऊन चालल्या होत्या. वाफ्याभोवती राख टाकली. पाणी झारीने हळूच घालायचं, नाहीतर बी एका कोपऱ्यात वाहत जातं. त्यामुळे रोज पहाटे कानटोपी घालून, कंबरेत वाकून, झारी. दंव असताना मिरचीच्या पानांवर राख उधळायची, माव्याच्या किडीसाठी. घरी येईपर्यंत मी इतकी राखाडी होत असे की काकींनी एकदा "काय गो, गोसावी झालंस?" म्हणून विचारलं.

पण भाजी आली. पंचवीस-तीस दिवसांत माठ कापणीला येतो, तसाच आला. सगळा वाफा तांबडाभडक. काकी जुडीची आठवण द्यायला दोनदा येऊन गेल्या. आबा म्हणाले, "महाराजांच्या कृपेन," आणि ते महाराज म्हणजे कोण, हे त्यांनी उघड केलं नाही. उद्या सकाळी कापायची असं ठरलं.

वानरांनी ते ऐकलं असावं. जाळ्याची वई गुरांसाठी असते. वानर फणसावरून थेट मधोमध उतरतो. पहाटे आवाज आला म्हणून धावलो तर पूर्ण कळप मळ्यात पंगतीला बसला होता. वानरिणी पोरांना पाला खुडून देत होत्या. ह्यांनी सुतळी बॉम्ब लावला, तो दंवाने फुसका निघाला. मी थाळी वाजवली. एका हुप्प्याने माझ्याकडे बघत सावकाश आणखी एक जुडी उपटली, मुळं झटकली आणि फणसावर गेला. मांजरं कुंपणाशी बसून हे सगळं बघत होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, संपली हो भाजी."

त्यांनी एकदा मळ्याकडे बघितलं, मग मुलाकडे, जो लहानपणापासून तांबडी भाजी ताटाच्या कडेला सारत आलाय.

"असू दे," त्या म्हणाल्या, "त्येंनी तरी आवडीन खाल्ल्यानी. आता काकी येयत, तेका काय सांगशीत ता बघा."