ब्रेसेसची तार गंजते म्हणून तोंडाला वास येतो, हे खरे नाही

‘ब्रेसेसची तार लाळेत गंजते, म्हणून वास येतो, सकाळ-संध्याकाळ माउथवॉशने गुळण्या करा, काम झाले,’ असा मेसेज फिरतो आहे. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ब्रेसेसच्या तारा सहसा स्टेनलेस स्टीलच्या किंवा निकेल-टायटॅनियमच्या असतात. त्या सहजासहजी गंजत नाहीत, त्यामुळे दुर्गंधी त्यांची नसते. ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, कडेला आणि तारेखाली अन्नकण अडकतात, त्यावर जिवाणूंचा चिकट थर बसतो. हे जिवाणू प्रथिने कुजवतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात. वास त्या वायूंचा. आरशात नीट पाहा: ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या अरुंद पट्टीत पिवळट-पांढरा थर दिसेल. तो नखाने खरवडला तर निघतो, नुसत्या गुळणीने निघत नाही.

म्हणून ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून, मग खालून तिरका धरून फिरवा. तारेखाली इंटरडेंटल ब्रश घाला. ही छोटी बाटलीब्रशसारखी वस्तू माझ्या मते माउथवॉशपेक्षा कितीतरी कामाची आहे. जिभेचा मागचा भागही हलक्या हाताने घासा, कारण पुष्कळदा वासाचे मूळ तिथेच असते.

माउथवॉश जोडीला चालेल, पण अल्कोहोलवाल्याने तोंड कोरडे पडू शकते आणि लाळ कमी झाली की वास वाढतो. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या माउथवॉशचा तर बरेच दिवस वापर केल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. ते डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घ्या.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच दाखवा.