ओ चा ई

तोरिनोला मुलाकडे तीन महिने जायचं ठरलं, तेव्हा मोबाइलवर इटालियन शिकायला घेतलं. नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून थेट गैरसमजाचा धडा उघडला, कारण मला स्वतःचा अंदाज आहे. 'नॉन ओ कापीतो', मला कळलं नाही. 'मि आ फ्राइंतेसो', तुमचा गैरसमज झालाय. हे दुसरं फारच आवडलं. पण मुलगा म्हणाला, "आई, त्याने खापर समोरच्यावर फुटतं. 'मि सोनो स्प्येगाता माले' म्हण. मीच नीट सांगितलं नाही."

३१ वर्षांच्या संसारात जे वाक्य आमच्या घरात कुणी मराठीतून उच्चारलेलं नाही, ते मी इटालियनमधून घोकलं. भांडी घासताना, अंघोळ करताना. अंघोळीचं आणखी निराळंच. तिथल्या नळावरचा 'सी' म्हणजे 'काल्दो', म्हणजे गरम. पाठ भाजल्यावर कळलं.

पोर्ता पालात्सोच्या बाजारात भाजीवाल्याला कोथिंबीर विचारली. कोथिंबीर म्हणजे 'कोरियांदोलो'. मला हव्या होत्या दोन जुड्या, आणि अनेकवचनात शेवटच्या ओचा ई होतो एवढं व्याकरण मला येत होतं. म्हटलं, "दुए कोरियांदोली!"

तो बघतच राहिला. मग उजव्या हाताची पाची बोटं जुळवून हात छातीसमोर वर-खाली हलवू लागला. अगदी घास उचलल्यासारखा. केवढी आपुलकी! "सी, सी, ग्रात्सिए," म्हणत मी पोटावरून हात फिरवला. त्याने आता दोन्ही हातांची बोटं जुळवली.

मग घोकलेलं बाहेर काढलं. मि सोनो स्प्येगाता माले. ते इतकं अस्खलित आलं की बाईंना इटालियन येतं अशी त्याची खात्रीच पटली, आणि तो जो सुटला! मला त्यातलं एकच कळलं, 'कार्नेवाले'. शेवटी त्याने एक जुडी हातात कोंबली. घरी निवडायला घेतली तर कोथिंबिरीचा वासच नाही. पार्सली.

मुलगा हसून लोळला. कोरियांदोली म्हणजे कार्निव्हलमध्ये उधळतात ते रंगीत कागदाचे कपटे. पूर्वी साखरेत घोळवलेले धणे उधळायचे. धणे गेले, नाव राहिलं.

"आणि जेवणाचं विचारत होता ते?"

"जेवणाचं कसलं? 'काय म्हणताय काय, बाई?' असं होतं ते!"

ध चा मा झाला तेव्हा म्हणे पेशव्यांचा जीव गेला. माझी नुसती कोथिंबीर गेली.

आठवड्याने पुन्हा गेले. मला पाहताच त्याने बोटं जुळवली. मी सरळ मराठीत सांगितलं, "जेवले हो. तुमचं?"

त्याने मुकाट्याने दोन जुड्या काढल्या. मी आधी हुंगून पाहिल्या. कोथिंबीरच होती.