काट्यावर २०० ग्रॅम

परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "खेळाडूचा खेळ बघा, घरात काय करतो ते कशाला?" खाली लाइकांची रांग. मी गप्प बसणार होतो, पण हेच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत मीही एकदा बोललोय.

वाळवा तालुक्यातल्या एका गावची यात्रा, कबड्डीचा ६५ किलो गट. सेमीफायनलच्या आधी मी आमच्या रेडरच्या उजव्या हाताला क्रेप बँडेज बांधत होतो. "पकडीत बोट मुरगळलं," म्हणाला. मुरगळलेलं बोट कसं सुजतं ते मला कळतं हो. ही सूज मुठीच्या हाडांवर होती. मी विचारलं नाही. अर्ध्या तासानं त्याची बायको पोराला कडेवर घेऊन गुणलेखकाच्या टेबलामागं येऊन उभी राहिली. पदर गालावर ओढलेला. "दादा, जरा समजावून सांगा ह्यांना. पण खेळायचं बंद करू नका, नोकरीचं चाललंय."

मी म्हणालो, "वैनी, फायनल होऊ दे."

फायनल जिंकली. उत्कृष्ट चढाईपटूही तोच. फोटोत तो पट्टीचा हात मीच वर धरलाय. आणि त्याच सकाळी दुसऱ्या एका पोराला २०० ग्रॅम जास्त भरला म्हणून आम्ही काट्यावरनं घरी पाठवलं होतं. नियम म्हणजे नियम!

मोठ्या लीगमध्ये तरी वेगळं असेल? २०१४ साली अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या रे राइस या खेळाडूनं होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये ठोसा मारून बेशुद्ध पाडलं. तिला ओढत बाहेर काढतानाचा व्हिडिओ फेब्रुवारीतच सगळ्यांनी बघितला होता. शिक्षा किती, तर दोन सामने. त्याच वर्षी गांजाच्या प्रकरणात त्याच लीगमधल्या जॉश गॉर्डनला वर्षभराची बंदी (ती पुढं दहा सामन्यांवर आली). सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतला व्हिडिओ फुटला आणि त्याच दिवशी क्लबनं राइसला काढलं, लीगनं बेमुदत बंदी घातली. ठोसा तोच, फक्त आता तो टीव्हीवर दिसला. ही बंदीही लवादानं नोव्हेंबरमध्ये उठवली, एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा म्हणून.

आपल्याकडं २०१८ मध्ये क्रिकेटपटू मोहम्मद शमीवर बायकोनं मारहाणीचे आरोप केले. त्यानं ते नाकारले, खरं-खोटं कोर्ट बघेल. पण क्रिकेट बोर्डानं करार रोखून तपासलं काय? पैशाच्या व्यवहारात फिक्सिंग आहे का, एवढंच. ते नाही म्हटल्यावर करार दिला. घरातल्या तक्रारीसाठी बोर्डाकडं रकानाच नव्हता.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी २०१५ मध्ये असा रकाना केला. कोर्टात शिक्षा व्हायची वाट न बघता लीग स्वतः चौकशी करून बंदी घालू शकते. "खोट्या केसेस होतात" म्हणणाऱ्यांना चौकशीच नको असते, हे मला कधी कळलेलं नाही.

तरी त्या वैनींचं वाक्य डोक्यातनं जात नाही. खेळाडू कोट्यातली नोकरी गेली असती तर चूल तिचीच विझली असती. नुसती बंदी घातली तर उद्या कुठली बाई टेबलामागं येऊन उभी राहील? म्हणून मी म्हणतो, बंदीच्या काळातलं मानधन तिच्या खात्यावर टाका, आणि तक्रार ऐकायला मंडळाबाहेरची एखादी बाई नेमा. माझ्यासारखा बँडेजवाला नको.

पुढच्या महिन्यात मंडळाची वार्षिक सभा आहे. सचिवांना विषय लिहून दिलाय. पत्रिका काल आली. स्पर्धेचं बक्षीस, मॅटची दुरुस्ती, फ्लेक्सचा खर्च. माझा विषय शेवटी, 'ऐनवेळी येणारे विषय' मध्ये.