लॅपटॉपची बॅटरी घरी बदलू नका, असं सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

लॅपटॉपच्या बॅटरीबद्दलचा एक लांबलचक संदेश बरेच दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. थोडक्यात तो असं सांगतो: लॅपटॉपचं झाकण घरी उघडलं तर लिथियम बॅटरी फुटू शकते, त्यामुळे ती कधीच स्वतः बदलू नका. बॅटरी गेली म्हणजे लॅपटॉपचेच दिवस भरले. त्याआधी ती फ्रीजरमध्ये ठेवून किंवा दोन-तीनदा पूर्ण उतरवून पुन्हा जिवंत करता येते. फुगली तरी चार्जर लावून काम चालतं. नवी घ्यायचीच तर जास्तीत जास्त एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) घ्या, पहिल्यांदा १२ तास चार्ज करा. आणि आग लागली तर पाणी अजिबात टाकू नका.

या संदेशाने मी अस्वस्थ होतो, कारण जिथे भ्यायला हवं तिथे तो लोकांना निर्धास्त करतो आणि जिथे भिण्यासारखं फारसं नाही तिथे घाबरवतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

झाकण उघडल्याने बॅटरी फुटत नाही. बॅटरीच्या आतला लिथियम-आयन सेल पेटतो तो त्याला भोक पडलं, तो वाकला-चिरडला, प्रमाणाबाहेर चार्ज झाला, फार तापला, बाहेरून शॉर्ट झाला किंवा बनवतानाच आत दोष राहिला तर. मागचे स्क्रू काढताना यातलं काहीही घडत नाही. २००६ साली डेलने सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. सेल बनवताना आत धातूचे बारीक कण राहून गेले होते आणि काही लॅपटॉप खरोखर पेटले होते. तेव्हा ग्राहकांना सांगितलं गेलं की बॅटरी काढून ठेवा, तोवर चार्जरवर काम करा, बदली बॅटरी मिळेल. इतकी गंभीर वेळ असूनही काढण्या-बसवण्याचं काम लोकांवरच सोपवलं होतं. त्या बॅटऱ्या खटका सरकवला की निघायच्या, आजच्या झाकणाखाली असतात. मधे आलेत ते काही स्क्रू आणि एक कनेक्टर.

शॉकचीही भीती बाळगू नका. लॅपटॉपच्या बॅटरीचा व्होल्टेज २० व्होल्टच्या आतच असतो. मात्र तिचे दोन पोल धातूने जोडले गेले तर करंट प्रचंड वाहतो, ठिणगी उडते. म्हणून अंगठी-बांगडी काढून ठेवायची आणि आत धातूची पट्टी किंवा सुरी घालायची नाही.

काम कसं करायचं तेही सांगतो, कारण नुसतं 'घाबरू नका' म्हणून भागत नाही. आधी लॅपटॉप वापरून चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणा. सेलमध्ये ऊर्जा जितकी कमी, तितका चुकून धक्का लागला तरी धोका कमी. मग पूर्ण बंद करा, नुसता स्लीपमध्ये नको. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं की तो खऱ्या अर्थाने बंद होतो. चार्जर काढा. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय असते, ती असेल तर जरूर वापरा. मग उलटा करून स्क्रू काढा. कागदावर झाकणाची आकृती काढून जो स्क्रू जिथला तिथेच चिकटपट्टीने लावत जा. हा बारीकसारीक उद्योग वाटतो, पण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला गेला तर आतल्या बोर्डात घुसतो, आणि मग बॅटरीच्या नादात मदरबोर्ड जातो. झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली एखादा स्क्रू राहिलेला असतो. काही झाकणांचे मधले स्क्रू पूर्ण बाहेर येतच नाहीत, तिथेच फिरतात, तेही बघा.

झाकण निघालं की पहिलं काम एकच: बॅटरीचा कनेक्टर बोर्डापासून सोडवणं. पंखा, रॅम, धूळ, सगळं त्यानंतर. वायर धरून ओढू नका. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना असलेल्या छोट्या कानांना प्लास्टिकची पट्टी किंवा नख लावून एकदा इकडून, एकदा तिकडून, जरा जरा करत तो सरकवा. काही कनेक्टर बोर्डाला समांतर सरकतात, काही सरळ वर उचलावे लागतात, काहींवर तारेची कडी असते. तो कुठल्या जातीचा आहे ते मोबाइलच्या उजेडात आधी नीट पाहा. घरी केलेल्या कामात नुकसान होतं ते बहुतेक इथेच, तेही घाईमुळे. कनेक्टर सुटला की पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेला चार्ज निघून जातो. पुढे बॅटरीचे चार-सहा स्क्रू, जुनी बाहेर, नवी आत, आणि कनेक्टर सर्वांत शेवटी.

एका बाबतीत मात्र तो संदेश बरोबर आहे. काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः २०१२ पासूनच्या अनेक मॅकबुक प्रोंमध्ये, बॅटरी केसला गोंदाने चिकटवलेली असते. ती उचकटताना सेलचा मऊ पाउच, म्हणजे पिशवीसारखं आवरण, वाकतो, आणि वाकलेला सेल म्हणजे वर सांगितलेल्या कारणांतलंच एक कारण. तुमचा लॅपटॉप यात मोडत असेल आणि हाताला सवय नसेल तर तो जाणकाराकडेच द्या. पण गोंद ही लिथियमची गरज नव्हे, तो कंपनीचा निर्णय आहे. २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये गोंदाऐवजी ओढून काढायच्या पट्ट्या आल्याच ना? युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमाने तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता याव्यात असं बंधन घातलं आहे. त्यात काही अपवाद आहेत, पण कल स्पष्ट आहे. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर अर्थात आधी सर्व्हिस सेंटर.

बॅटरी गेली म्हणजे लॅपटॉप संपला, हे तर साफ चूक. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांचा बॅटरीच्या वयाशी काही संबंध नाही, आणि बॅटरी बदलल्याने डेटाही जात नाही. खरोखर बॅटरीच गेली आहे का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश, 'बॅटरीरिपोर्ट' ही कमांड इंग्रजीत टाइप केली की एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर मिळणारी क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मूळ ५७,००० मिलिवॉट-तास आणि आता २४,००० असेल, तर निम्म्याहून जास्त बॅटरी गेली. आकडे चांगले असूनही चार्जिंग होत नसेल तर दोष चार्जरमध्ये किंवा चार्जिंगच्या पिनेत शोधा, नवी बॅटरी उगाच घेऊ नका.

आता फ्रीजर. सेल जुना होतो तो आतल्या रासायनिक बदलांमुळे. ऋण भागावर एक थर हळूहळू जाड होत जातो, कामाचं लिथियम त्यात अडकतं, आतला रोध वाढतो. म्हणून ३० टक्के दिसत असताना लॅपटॉप अचानक बंद पडतो. थंडीने तो थर निघत नाही. उलट फ्रीजरमधून काढलेल्या पॅकवर दव धरतं, ते आतल्या सर्किटवर बसतं, आणि शून्य अंशाच्या खाली गेलेला सेल तसाच चार्जिंगला लावला तर त्यात धातूरूप लिथियमचा थर साचतो. म्हणजे थकलेली पण सुरक्षित बॅटरी आपण स्वतःच्या हाताने धोकादायक करतो.

पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज करण्याचा उपाय निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. त्या बॅटऱ्यांना 'मेमरी'ची खोड होती, म्हणजे पुन्हा पुन्हा अर्धवट उतरवून चार्ज केल्या की त्या तेवढंच काम द्यायच्या. लिथियम-आयनच्या बाबतीत असं केल्याने फार तर टक्केवारी दाखवणाऱ्या चिपचा अंदाज सुधारतो. आकडा खरा होतो, क्षमता वाढत नाही. वारंवार तळापर्यंत उतरवल्याने झीज वाढते ती वेगळीच.

फुगलेल्या बॅटरीचा मुद्दा माझ्या दृष्टीने या संदेशातला सर्वांत घातक आहे. ओळखीच्या एका बाईंनी मला लॅपटॉप दाखवायला आणला होता. तक्रार बॅटरीची नव्हतीच, टचपॅड दाबला जात नाही अशी होती. टेबलावर ठेवला तर तो एका कोपऱ्यावर डुगडुगत होता. मागचे स्क्रू सैल करत गेलो तसं झाकण आपोआप वर उचललं जाऊ लागलं. आत पाहिलं तर बॅटरीचा मधला पाउच उशीसारखा फुगून टचपॅडला खालून रेटत होता, त्याची चंदेरी कड ताणून चकाकत होती. आणि तो लॅपटॉप रोज रात्रभर चार्जरला लावलेला असायचा, कारण 'चार्जर लावला की चालतं'.

फुगणं म्हणजे आतला द्रव विघटित होऊन वायू साठणं. तो वायू ज्वलनशील असतो. फुगलेला सेल दर वेळी पेटतो असं नाही, पण तो बिघडलेला आहे हे नक्की. त्याला दिवसरात्र चार्ज देत राहणं म्हणजे बिघडलेल्या सेलवर नेमका नको तो ताण टाकणं. टचपॅड कडक होणं, कीबोर्ड मधे उचलला जाणं, झाकणाच्या फटी रुंदावणं, लॅपटॉप सपाट न बसणं: यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी तो बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. वर आलेलं झाकण दाबून बसवू नका. वायू काढायला टाचणी लावायचा विचारसुद्धा नको. बॅटरी स्क्रूने बसवलेली असेल आणि अलगद सुटत असेल तर ती काढता येते. अडकलेली किंवा चिकटलेली असेल तर तिला हात न लावता लॅपटॉप आहे तसा, उघड्या फरशीवर, गादी-कागद-पडद्यांपासून दूर ठेवा आणि जाणकाराकडे न्या.

जास्त एमएएच म्हणजे चांगली बॅटरी, हाही समज मोडायला हवा. एमएएच एकटा काही सांगत नाही, त्याला व्होल्टेजने गुणल्यावर मिळणारे वॉट-तास खरी क्षमता सांगतात. ११.१ व्होल्ट आणि ५,२०० एमएएच म्हणजे सुमारे ५८ वॉट-तास. जुन्या धाटणीच्या सहा सेलच्या पॅकमध्ये १८६५० मापाचे गोल सेल असतात, दोन-दोन जोडून तीन जोड्या. जोडीतल्या दोन सेलच्या एमएएचची बेरीज होते, तीन जोड्यांमुळे वाढतो तो फक्त व्होल्टेज. चांगल्यातला चांगला असा सेल साधारण ३,५०० एमएएचचा, म्हणजे पॅक ७,००० च्या फार पुढे जाऊच शकत नाही. त्याच आकाराच्या पॅकवर १०,००० छापलेलं दिसलं तर छापणारा खोटं बोलतोय, आणि जो लेबलवर खोटं लिहितो त्याने संरक्षक सर्किट नीट बसवलं असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर न जाता जुन्या बॅटरीच्या अंगावर छापलेला पार्ट नंबर जुळवा. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात, स्क्रूची भोकं आणि वायरची लांबी वेगळी असते. व्होल्टेज तोच हवा. वॉट-तास मूळच्या जवळपास हवेत. बनल्याची तारीख पाहा, कारण पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. कंपनीची मिळत असेल तर तीच घ्या. काही लॅपटॉपचं बायोस अनोळखी बॅटरी ओळखून चार्ज करायलाच नकार देतं, त्यामुळे परत घेण्याची अट आधीच विचारून ठेवा.

१२ तास चार्ज करण्यात काही अर्थ नाही. लिथियम-आयन बॅटरी भरली की सर्किट चार्जिंग थांबवतं, पुढचे तास नुसते जातात. नवी बॅटरी अर्धवट चार्ज होऊन येते ती सदोष म्हणून नव्हे. भरलेले सेल वाहतुकीत जास्त धोक्याचे असतात, म्हणून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या विमानाने पाठवताना ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवू नये असा नियम २०१६ पासून आहे. बसवा, एकदा पूर्ण चार्ज होऊ द्या, वापरा. लॅपटॉप सतत चार्जरवर असतो त्यांनी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा मिळाली तर ती लावावी, बॅटरीचं आयुष्य त्याने खरोखर वाढतं.

आणि पाणी. लिथियम धातू पाण्याशी जोरात प्रक्रिया करतो हे शाळेतलं ज्ञान खरं आहे, पण चांगल्या स्थितीतल्या लॅपटॉपच्या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात नसतं, ते संयुगांच्या रूपात असतं. अशा आगीत एक सेल तापून शेजारचा पेटवतो, त्यामुळे पॅक थंड करणं हेच मुख्य काम. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन विमानातल्या कर्मचाऱ्यांना लॅपटॉप पेटल्यास ज्वाळा विझवून भरपूर पाणी ओतायलाच सांगतं, बर्फ मात्र ठेवू नका म्हणतं, कारण तो उष्णता आत कोंडतो. चार्जर भिंतीपासून निघालेला हवा, आणि धूर श्वासात जाता कामा नये, तो विषारी असतो. आग आवाक्याबाहेर वाटली तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, अग्निशमन दलाला बोलवा.

संदेशात जुन्या बॅटरीचं काय करायचं याबद्दल अक्षरही नाही. काढलेल्या बॅटरीतही चार्ज उरलेला असतो. तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवू नका आणि घरच्या कचऱ्यात तर टाकूच नका, कारण कचरागाडीत ती दाबली जाते आणि तिथे पेटली तर झळ गाडीवरच्या माणसांना बसते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा जुन्या बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती द्या. फुगलेली असेल तर देताना तसं तोंडाने सांगा, म्हणजे ते लोक ती वेगळी ठेवतील.