मारिओचा पाना कुठंय?

आत्ताच एका वाढदिवसाहून आलोय. जेवण फक्कड होतं, गुलाबजाम गरम होते, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या फोन येईल की खाऊन वर नावं ठेवायलास म्हणून. बायको म्हणाली, मला ऐकवू नका, तिकडं फेसबुकवर लिहा. म्हणून लिहायलोय.

पाहुण्यांचं पोरगं सहा वर्षांचं झालं. थीम मारिओ, व्हिडिओ गेममधला. आता वाढदिवसाला थीम लागते, लागू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. केकवर मारिओ, फुग्यांवर मारिओ, पोराच्या डोक्यावर लाल टोपी, ओठावर चिकटवलेल्या मिशा. हॉलच्या दारातच पुठ्ठ्याचा भला मोठा हिरवा पाइप केलेला. आलेल्यानं त्यातून वाकून आत यायचं, पलीकडं फोटोग्राफर टपून बसलेला. जपानात ओसाकाला २०२१ साली मारिओचं अख्खं गाव उघडलं, तिथंही लोक हिरव्या पाइपातूनच आत शिरतात. कुणीतरी त्याचा व्हिडिओ बघितला असणार. मीही शिरलो. कंबरेत कळ आली, पण खोटं कशाला बोलू, मजा आली.

मग हात धुवायच्या बेसिनचा नळ निखळला. पाणी जेवणाच्या टेबलापर्यंत. हॉलवाल्यानं प्लंबरला फोन लावला. तो लगेच आला बिचारा. खांद्याला पिशवी, हातात पाइपपाना, आणि समोर वाट दिसली ती एकच, म्हणून त्या हिरव्या पाइपातून वाकून आत आला. बाहेर डोकं काढतो तोच आमचे पाहुणे ओरडले, "अहो, तुम्ही कुठं इकडून? फोटो चाललेत ना! मागच्या जिन्यानं या."

तो तसाच वाकला, मागं फिरला आणि गेला.

त्या पाइपातून यायचा मान त्या हॉलमध्ये कुणाचा असेल तर त्या एकट्याचा होता! मारिओ कोण आहे हो? प्लंबर आहे. जगातला सगळ्यात लाडका प्लंबर. आणि त्याच्या नावानं सजवलेल्या हॉलमधून खऱ्या प्लंबरला मागच्या जिन्यानं हाकलला. कारण काय, तर फोटोत येईल.

आता माझं डोकं का तापलं ते सांगतो. माझ्या मामानं लातुरात आयुष्यभर नळफिटिंग केलं. किल्लारीच्या भूकंपानंतर नवी गावं वसत होती तेव्हा तो तिकडंच कामाला असायचा. तिथून परत आल्यावर त्यानं इथं एका बंगल्याचं अख्खं फिटिंग केलं. बाथरूम, मोरी, खालचा हौद, गच्चीवरची टाकी, सगळं. शेवटचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मालक आज देतो, उद्या देतो करायला लागला. मामानं चकरा मारून चपला झिजवल्या. शेवटी एके दिवशी मालकानं पैशाऐवजी त्याच्या पोराचा जुना व्हिडिओ गेम मामाच्या हातात ठेवला. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट, हात भाजेल असा तापणारा अडाप्टर. "भाच्यांना ने, खेळतील."

मामा घेऊन आला. मामीनं त्या रात्री त्याला जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलली नाही.

तर मारिओ आमच्या घरात आला तो असा, मजुरीपोटी.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. मारिओची टोपी लाल असते हे मला फार उशिरा कळलं, आमच्याकडं ती राखाडीच होती. मामा मागं भिंतीला टेकून बसायचा. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मामा, हा प्लंबर आहे, तुझ्यासारखा. मामानं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "आरं, मग ह्येचा पाना कुठंय?"

पाना नव्हताच. आजपर्यंत नाही. मामाच्या त्या प्रश्नाचं उत्तर मारिओचे गेम काढणाऱ्या क्योटोच्या त्या बलाढ्य निन्टेंडो कंपनीनं चाळीस वर्षांत दिलेलं नाही.

बघा ना, ह्या माणसाला काय काय करायला लावलं. १९८१ साली 'डाँकी काँग' ह्या गेममध्ये पहिल्यांदा आला तेव्हा हा सुतार होता, नावही धड नव्हतं, उडी मारतो म्हणून जंपमॅन. शिगेरू मियामोतो ह्या पोरगेल्या चित्रकारानं तो काढला. तेव्हाच्या पडद्यावर केस नीट दिसत नाहीत म्हणून टोपी, तोंड काढता येत नाही म्हणून मिशा, हात हललेले कळावेत म्हणून डांगरी. मारिओ हे नाव दिलं कुणाचं, तर कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाचं. मग १९८३ साली 'मारिओ ब्रदर्स'ची गोष्ट न्यूयॉर्कच्या गटारात नेली, पाइप आले, तेव्हा कुठं तो प्लंबर झाला. म्हणजे नाव घरमालकाचं आणि धंदा नळवाल्याचा! मामाला हे कळलं तर म्हणेल, बरोबर हाय, मालकाचं नाव आन् आमचं काम, हेच चालतंय.

त्यानंतर त्याच्या हातात टेनिसची रॅकेट दिली, गोल्फची काठी दिली. मुष्टियुद्धात पंच म्हणून उभा केला. १९९० साली तर डॉक्टर करून टाकला, गळ्यात स्टेथोस्कोप, बाटलीत रंगीत गोळ्या. १९९२ साली गाडी दिली शर्यतीला. दुसऱ्या कंपनीच्या गेममधल्या सोनिकच्या सोबत ऑलिंपिकला धाडला. नवीन नवीन गेममध्ये टोपी फेकतो, मांजर होतो, ताऱ्यांवर उड्या मारतो. पण एक वॉशर बदललाय का कधी? एका एल्बोला टेप गुंडाळलीय? पाइपातून पाणी जातं हे तरी त्याला ठाऊक आहे का, शंकाच आहे. हा स्वतःच पाइपात उतरतो!

आणि वर कडी ऐका. २०१७ साली कंपनीच्या जपानी वेबसाइटवर मारिओची जी ओळख दिली होती तिच्यात लिहिलं होतं की हा फार पूर्वी प्लंबरचं काम करायचा म्हणे. म्हणे! अर्ध्या आयुष्याचा धंदा एका 'म्हणे'त उडवला. जगभर आरडाओरडा झाला तेव्हा २०१८ साली गुपचूप ओळख बदलली आणि त्याला परत कामावर घेतलं. मी तेव्हाच मामाला फोन करून सांगितलं होतं, मामा, मारिओला काढून टाकलं. मामा म्हणाला, "मग हिशोब केला का त्येचा?"

आता कुणीतरी म्हणणार, अरे गेम आहे तो, त्यात उड्या मारायच्या असतात, गळती काय काढत बसायची. बरं बाबा, मान्य.

पण मला राग गेमचा नाहीच आलेला. गेममधल्या प्लंबरला डोक्यावर घेता आणि दारातला दिसला की फोटो खराब होतो, राग ह्याचा आहे. आणि हे कुठं, तर लातुरात! जिथं नळाला पाणी आलं की गल्लीत आरोळी उठते. जिथं सून बघायला गेलेली माणसं आधी बोअर बघतात. इतर कुणी केलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं.

२०१६ आठवतं का? विसरलात? एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती आपल्याकडं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. स्टेशनावर लोक ती गाडी बघायला जमले होते, मी पण होतो. त्या उन्हाळ्यात मामाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कुणाच्या बोअरची मोटार वर घ्यायची, कुणाला टँकरपासून हौदापर्यंत पाइप टाकून पाहिजे, कुणाच्या टाकीला बारीक चीर गेलीय आणि घरात माणसं रडायला आलीत. तेव्हा लोक त्याच्यासाठी आतून खुर्ची आणायचे. सरबत द्यायचे. मामा, तुम्हीच आता काय ते बघा. मग पाऊस झाला, मांजरा धरण भरलं, आणि खुर्ची परत आत गेली.

त्याच वर्षी, ऑगस्टात, रिओ ऑलिंपिकच्या समारोपाला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे मैदानात आले ते कसे? मारिओची लाल टोपी घालून, हिरव्या पाइपातून वर! पुढचं ऑलिंपिक टोकियोला होतं ना, त्याची जाहिरात. देशाच्या पंतप्रधानाला नळवाल्याच्या वेषात जगासमोर यायची लाज वाटली नाही. आपल्याकडं जलवाहिनीचं उद्घाटन असलं तरी फीत कापायला साहेब, नारळ फोडायला साहेब, आणि ज्यानं खड्ड्यात उतरून ती जोडली तो फोटोच्या कडेला अर्धा.

मला माहितीय, आबेंनी टोपी घातली म्हणून जपानातल्या नळवाल्यांची मजुरी काही वाढली नसेल. असो.

सिनेमाचं मात्र वेगळं झालं. १९९३ चा जुना सिनेमा सोडून द्या, तो साफ पडला आणि त्यातल्या मारिओनं, बॉब हॉस्किन्सनं, पुढं स्वतःच त्याला शिव्या घातल्या. पण २०२३ चा कार्टून सिनेमा मी लेकीसोबत घरी बघत होतो आणि मामा आला होता. त्यात हे दोघं भाऊ ब्रुकलिनमध्ये नोकरी सोडून स्वतःचा प्लंबिंगचा धंदा टाकतात. साठवलेले पैसे जाहिरातीत घालतात. जेवताना घरचे चेष्टा करतात. बाप म्हणतो, बरी नोकरी सोडलीस ती सोडलीस, वर भावालाही ओढलंस. (त्या बापाचा आवाज चार्ल्स मार्टिनेचा. 'सुपर मारिओ ६४' ह्या गेमपासून पाव शतकाहून जास्त काळ मारिओच्या तोंडून तोच बोलत होता. ह्या सिनेमात मारिओला दुसरा नट दिला आणि ह्याला बाप केलं. मला ते कळल्यावर बरं वाटलं, निदान घरात तरी ठेवला.) पहिलं काम मिळतं ते गळक्या नळाचं, आणि त्या घरातल्या कुत्र्यामुळं सगळं बाथरूम पाण्यात. लेक हसून लोळत होती. मामा पुढं सरकून बसला आणि टीव्हीला म्हणाला, "आदी मेन वॉल बंद करावा का न्हाई, येड्या!"

पण मग जेवणाच्या टेबलावरचा तो सीन आला आणि मामा गप्प झाला. पुढचं राज्य, राजकन्या, कासवांचा राजा, ते त्यानं काही फारसं बघितलं नाही. त्या सिनेमानं १३० कोटी डॉलरच्या वर कमावले म्हणतात. कमवू देत. आमच्या मामाला त्यातली दहा मिनिटं पुरली.

आणि मालाचं तर विचारूच नका. लेगोचा मारिओ आहे, डबे आहेत, चादरी आहेत. आपल्या गंजगोलाईत दप्तरं लटकलेली बघा, त्यावर हिरव्या टोपीचा माणूस आणि खाली नाव मारिओ. अरे तो लुइजी आहे, त्याचा भाऊ! भावाचं नाव तरी नीट लावा. आजच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून कीचेन मिळालीय, तीही हिरवीच. ती मामाला देणार आहे, पान्यांच्या पिशवीला लावायला.

लिहिता लिहिता मामाचा तो खेळ आठवला. आम्ही शाळेत गेलो की मामा दुपारी एकटाच खेळायचा, आजीनं सांगितलं. आणि कसा खेळायचा? प्रत्येक पाइपावर चढायचा आणि खालचं बटण दाबून बघायचा. हा चालू हाय का बंद. पुढचा. हा? बंद. पुढचा. पहिल्याच लेव्हलला चौथा पाइप उघडा आहे, खाली नाण्यांची खोली आहे. तो त्याला सापडला तेव्हा त्यानं आजीला हाक मारून दाखवला होता. राजकन्येपर्यंत मामा कधी पोचला नाही, कारण त्याची वेळच संपायची. पण त्या गेममधली कुठली लाइन चालू आणि कुठली बंद हे आमच्या गल्लीत फक्त त्याला पाठ होतं. इतक्या मन लावून मारिओकडून प्लंबरचं काम करवून घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. ते मजुरीचे पैसे मालकानं शेवटपर्यंत दिले नाहीत, ते नाहीतच.

आज त्या प्लंबर पोराकडं मी जिन्यात ताट घेऊन गेलो होतो. केक पण ठेवला होता. म्हणाला, "केक नगं, शनिवार हाय, अंडं आसंल की त्यात." बाकीचं खाल्लं. नळ त्यानं असा बसवला की आता हॉल पडेल पण नळ पडणार नाही. पाहुण्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, "जाऊ द्या, लेकराचा वाढदिवस हाय." माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

पाहुणे ही पोस्ट वाचणार हे मला माहितीय. वाचा. पोरगं गोड आहे तुमचं, त्याच्यावर राग नाही. पुढच्या वर्षी थीम डॉक्टर ठेवा, मग बघू डॉक्टरला मागच्या जिन्यानं आणता का.

आणि कमेंटमध्ये "मारिओ मुळात सुतार होता" असं लिहिणाऱ्यांनी आधी वर नीट वाचावं. मी लिहिलंय ते.

मामा आता मोठी कामं घेत नाही, गुडघे गेलेत. पण त्याच्या हाताखाली तयार झालेला एक पोरगा आहे, काम चोख. नंबर पाहिजे असेल तर इनबॉक्स करा. रेट आधी ठरवा. काम झाल्यावर घासाघीस केली तर मामाचा चेला आहे तो, व्हिडिओ गेम घेऊन जाणारा नाही, मोटारीचं स्टार्टर काढून घेऊन जाईल.