जुनेर

आमच्याकडे बाळ येणार हे पक्कं झाल्यावर दोन याद्या झाल्या. एक हॉस्पिटलने दिलेली. छापील, वर गुटगुटीत बाळाचं चित्र, खाली गाऊन, पॅड, डायपर, थर्मास आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स. झेरॉक्स सोडून बाकी सगळं मी एका संध्याकाळी सोफ्यावर लोळत मोबाईलवरून मागवून टाकलं. दुसरी यादी आई आणि सासूबाई यांनी मिळून केली. एरवी या दोघींचं आमटीत गूळ किती घालायचा यावरही एकमत होत नाही. ही यादी मात्र अर्ध्या तासात, एकही खाडाखोड न होता मंजूर झाली.

जुनी सुती लुगडी, मिळतील तेवढी. जुना तांदूळ. जुनी सहाण. कुणाच्या तरी धडधाकट बाळाच्या अंगावरून उतरलेली झबली-टोपरी. आणि सगळ्यात खाली, 'अंघोळीला बाई. जुनी.'

कोऱ्या करकरीत जिवासाठी एकही कोरी वस्तू चालत नाही, हा मला नवाच शोध होता. बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही, असं दोघींनी बजावलं. का, असं विचारल्यावर आई म्हणाली, "टोचतं." सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागते." दोन वेगळी कारणं देऊन एकच निकाल लागला की तो बदलत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण बायकोचं माहेर लांज्याच्याही पुढे आणि तिची डॉक्टर पुण्यात. म्हणून माहेरच उठून पुण्याला आलं. सासूबाई दोन पिशव्या, डिंक, खारका, अळीव आणि एक बोजड गाठोडं घेऊन एसटीतून उतरल्या. गाठोड्यात सहाण होती. त्या बॅगा मी उचलल्या, सहाण मात्र त्यांनी माझ्या हातात दिली नाही. तेवढा विश्वास अजून बसायचाय.

खरी पंचाईत लुगड्यांची झाली. दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅटचं काम काढलं, तेव्हा आईने माळे रिकामे केले. आजीची होती-नव्हती ती सगळी लुगडी बोहारणीला घालून तिने झाकणाचे स्टीलचे डबे घेतले. "किती दिवस ही जुनेरं जपत बसू?" असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि घासाघीस करून वर एक गाळणंही मिळवलं होतं. आता तेच डबे डिंकाच्या लाडवांनी भरले जात होते आणि आई प्रत्येक झाकण लावताना सुस्कारा टाकत होती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर मऊशार कापड. त्यात किती दुपटी, किती लंगोट, किती कुंच्या झाल्या असत्या याचा हिशोब ती रोज नव्याने करी आणि रोज आकडा वाढत जाई.

मी नातेवाइकांना फोन सुरू केले. साताऱ्याच्या काकू म्हणाल्या, "अरे, मी तर वर्षानुवर्षं गाऊनच घालते. गाऊन चालेल का?" नाशिकच्या आत्याकडे तिच्या सासूबाईंचं लुगडं होतं, पण ते आठवण म्हणून ठेवलेलं. आठवणीचे लंगोट करणं तिला बरं वाटेना, आणि मलाही तिला भरीला घालणं बरं वाटेना. एका मावशीने उत्साहाने चार साड्या पाठवल्या. चारही जॉर्जेट. सासूबाईंनी त्यांतली एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "यात पाणी गाळलं तर ते पण तसंच राहील."

शेवटी मी लक्ष्मी रोडवर जाऊन पांढरं मलमल आणलं. आईने ते गालाला लावलं. "खळ आहे." मी धुतलं. "अजून आहे." मग ते वॉशिंग मशीनमध्ये रोज फिरू लागलं. ऑफिसला जाताना घालायचं, आल्यावर काढायचं, वाळवायचं, पुन्हा घालायचं. कापडाला जबरदस्तीने म्हातारपण आणायचा तो उद्योग सोसायटीच्या पाण्याच्या टँकरला जड जाऊ लागला तेव्हा सासूबाईंनी तो थांबवला. "धुऊन धुऊन कापड विटतं," त्या म्हणाल्या, "मुरत नाही. मुरायला अंगावर राहावं लागतं."

मग आई हळूच म्हणाली, "खालच्या आजींकडे असतील."

खालच्या आजींशी आमचं बोलणं बंद होतं. फ्लॅटचं काम काढलं तेव्हा ठेकेदाराने आमच्या बाथरूमच्या जुन्या फरशा फोडल्या, नव्या बसवल्या, आणि मधलं वॉटरप्रूफिंग बहुधा सोबत घेऊन गेला. तेव्हापासून आजींच्या छताला ओल येते. आजी सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला त्या ओलीचा फोटो आणतात. पहिल्यांदा ती श्रीलंकेएवढी होती, हल्ली ऑस्ट्रेलिया झाली आहे.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन मी खाली गेलो. आजींनी दार उघडलं. "तू त्या गळतीवाल्यांचा ना?" मी हो म्हटलं. "बस. कितवा लागलाय?" आठवा संपत आलाय म्हटल्यावर त्यांनी पोट वर आहे का खाली, तोंडावर तेज आहे का, गोड खावंसं वाटतं की आंबट, अशी उलटतपासणी घेतली आणि मुलगा होणार असं जाहीर केलं. आदल्या दिवशी डोहाळजेवणात आमच्या सगळ्या मावश्याही हेच म्हणाल्या होत्या. 1994 च्या कायद्याने सोनोग्राफीवाल्यांची तोंडं बंद केली, भिंतीवर पाट्या लावल्या, पण मावश्यांना कुठलंच कलम लागू होत नाही.

मी कामाचं बोललो. आजी उठल्या, पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. वरची जरीची, इरकली, शालू अशी चवड बाजूला करून त्यांनी तळातलं एक फिकट जांभळं लुगडं काढलं. काठ तेवढा ओळखू येत होता, बाकी रंग कुठल्या कुठे गेलेला. मला वाटलं, आता देतील. पण त्यांनी ते मांडीवर पसरलं, मधली जागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि हलकेच ओढली. कापड अजिबात आवाज न करता दोन बोटं फाटलं.

"हं," आजी म्हणाल्या, "झालंय. टर्रकन वाजलं तर समजायचं अजून कच्चं आहे. न कुरकुरता फाटलं की बाळाला चालतं."

अशी परीक्षा घेऊन त्यांनी तीन लुगडी काढली, एक नापास केलं, दोन मला दिली. वर अट घातली: बाळाच्या अंघोळी सुरू व्हायच्या आत गळती काढायची. मी कबूल केलं. बाळाच्या अंघोळीला पाणी ते किती लागणार, असा माझा अंदाज होता.

पुढचं पटापट झालं. जुना तांदूळ मिळाला. दुकानदाराने "एक वर्षाचा की दोन?" असं विचारलं आणि जुन्याचा भाव नव्याहून जास्त लावला, बाळंतिणीला तो पचायला हलका, त्यामुळे घासाघीस करायला तोंड राहत नाही. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून बाळगुटीचं पुडकं आणलं: हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, अतिविष, काकडशिंगी, जायफळ, हिरडा आणि आणखी बरंच काही. त्यातलं बदाम आणि खारीक सोडून एकही मला ओळखता आलं नाही.

तारखेचं मात्र सगळ्यांनी डोकं खाल्लं. शेवटच्या पाळीपासून 280 दिवस मोजून डॉक्टर जी तारीख देतात, त्या तारखेला शंभरातली जेमतेम पाच बाळं येतात. हे मी प्रत्येक फोनला सांगितलं. प्रत्येक फोनने ते ऐकून "मग, कधी?" असंच विचारलं. आमचं बाळ उरलेल्या पंच्याण्णवांत निघालं. खुद्द बाळंतपणाबद्दल मी काही लिहीत नाही. ते बायकोने केलं, सांगायचा हक्क तिचा. मी बाहेर बाकावर बसून सासूबाईंना वेलदोड्याचा चहा आणून दिला आणि तो थंड झाल्यावर परत गरम करून आणला. मुलगी झाली. मावश्यांना फोन केले तेव्हा प्रत्येकीने "मी म्हणतच होते" असं सांगितलं.

घरी आल्यावर कळलं की डॉक्टरांचीही एक तिसरी यादी आहे, आणि तीत फक्त 'नाही' आहेत. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. मध वर्षाचं होईपर्यंत नाही. काजळ नाही. नाकात-कानात तेल नाही. डोक्याखाली उशी नाही. आईने मोहरीची छोटी उशी शिवून ठेवली होती. ती आता देवघरात घंटेखाली आहे. गुटीचा प्रश्न बायकोने सोडवला. सासूबाई सहाण पुसून, एकेका औषधाचे किती वळसे हे तोंडाने पुटपुटत बसल्या होत्या. बायको म्हणाली, "आई, सहा महिने थांब." त्या म्हणाल्या, "तुला दिली होती." बायको म्हणाली, "म्हणूनच."

लांज्याहून मांडीवर बसून आलेली सहाण अशी बेकार झाली. पण पाचवीला तिचं नशीब उघडलं. पुजायला पाटा-वरवंटा कुणाकडेच नव्हता, तेव्हा पाट्याच्या जागी सहाण बसली. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून पूजेशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. कागद प्रिंटरमधून काढला. पेन शोधायला मात्र अख्खं घर उलथंपालथं झालं. फ्रिजवरच्या कपात एक सापडलं. ते उठतंय का बघावं म्हणून मी त्या कागदाच्या कोपऱ्यात दोन-चार गोल काढले.

आई ओरडली. "अरे, कोरा कागद म्हणाले ना!"

आता दुसरा ठेवायचा तर मांडलेली पूजा हलवायची का, यावर चर्चा झाली. नाही, असं ठरलं. त्यामुळे आमच्या मुलीच्या नशिबात सुरुवातीलाच काही गोल आहेत आणि पेन उठत नसल्याने ते नुसतेच ओरखडे आहेत. सटवाईने तिच्याजवळचं पेन वापरलं असावं.

आणि मग अंघोळीच्या मावशी आल्या. जुन्या म्हणजे किती जुन्या, तर पलीकडच्या गल्लीतले दोन नगरसेवक त्यांच्या पायावर न्हालेले आहेत, असं त्या सांगतात. त्यांनी आमची बाथरूम पाहिली. काचेचं पार्टिशन, भिंतीला टांगलेला कमोड, कोपऱ्यात ठेकेदाराने प्रेमाने बसवलेला काळा दगडी कट्टा. त्या पाटावर बसल्या, पाय लांब केले. पाय दाराबाहेर पॅसेजमध्ये आले.

"इथं माणसं अंघोळ करतात?" त्यांनी विचारलं.

मोजमापं घेऊन अंघोळ ड्राय बाल्कनीत हलवली. तिथली वॉशिंग मशीन आता हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. मावशींनी पसरलेल्या पायांवर बाळाला घेतलं. टाळूवर तेल जिरवलं, डाळीचं पीठ आणि साय लावली, दोन बोटांच्या चिमटीत नाकाचा शेंडा धरून घडवल्यासारखा वर ओढला. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. बाळाने असा काही सूर लावला की बायको आतल्या खोलीत रडायला लागली आणि मी लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. मग कढत पाण्याचे तांब्यामागून तांबे. एक बादली, दुसरी बादली, आणि "हे काय, संपलं?" म्हणत तिसरी. मग धुरी. ओवा, वावडिंग, लसणाची सालं. मग आजींच्या जांभळ्या लुगड्याच्या दुपट्यात गच्च गुंडाळलेलं एक लालबुंद, चकचकीत गाठोडं आईच्या हातात आलं, आणि ते तीन तास हललं नाही. रात्री दोन ते पाच हे गाठोडं का सुटतं याचं उत्तर मात्र कुठल्याच यादीत नाही.

केंद्र सरकारी नोकराला बाप झाल्यावर 15 दिवस रजा असते. खासगीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. त्यामुळे झोप मी ऑफिसच्या मीटिंगांमध्ये, कॅमेरा बंद ठेवून, हप्त्याहप्त्याने घेत होतो. अशाच एका मीटिंगमध्ये दाराची बेल वाजली. खालच्या आजी.

ड्राय बाल्कनीची फरशीही त्याच ठेकेदाराची. तीन बादल्यांनी आपली वाट शोधली होती. मी माफीची वाक्यं जुळवू लागलो, तोवर आजी मला ओलांडून बाल्कनीत पोचल्या होत्या. मावशींच्या हाताकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, "पाठ अजून चोळा. आणि पाणी कोमट वाटतंय." मावशींनी मान वर न करता सांगितलं की त्या हे काम कित्येक वर्षं करतायत. आजी पाट ओढून बसल्या. आता त्या रोज येतात.

प्लंबरला मी बोलावलं होतं. त्याला फरशी फोडायची आहे. सोसायटीच्या नियमाने दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. बाकी दिवसभर बाळ झोपतं, तेव्हा घरच्या नियमाने बंद. उरलेल्या वेळात, म्हणजे पहाटे तीनला, प्लंबर यायला तयार नाही. आजी म्हणाल्या, "राहू दे. सव्वा महिना होऊ दे." त्यांनी छताखाली बादली लावली आहे आणि ते पाणी खिडकीतल्या कुंड्यांना घालतात. डाळीच्या पिठाने असेल, साईने असेल, कढीपत्ता जोमात आला आहे म्हणे. तुळशीला मात्र त्या ते पाणी घालत नाहीत.